फुटबॉल, अमेरिकन व्यावसायिक

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील सर्वाधिक लोकप्रिय व द्रव्यप्रापक प्रेक्षणीय खेळ. पायाने चेंडू खेळण्याच्या सर्वपरिचित फुटबॉलपेक्षा हा खेळ अगदी भिन्न असून तो रग्बीपासून उत्क्रांत झाला आहे. त्यात लंबगोल चेंडू प्रामुख्याने हाताने फेकला जातो किंवा कवटाळून पळवला जातो. नॅशनल फुटबॉल लीग ही या खेळाची प्रमुख व्यावसायिक संघटना होय. तिच्या ३२ संघांचे उत्पन्न व त्यांना करता येणारा वेतनखर्च या दोहोंत बरीचशी समानता राखण्यात आली आहे. त्यामुळे पैशाच्या बळावर दुसऱ्यावर मात करण्यास फारसा वाव उरत नाही आणि जय-पराजयाचे पारडे पुष्कळदा क्वार्टरबॅक या एकाच जागेवरील खेळाडूच्या कुवतीवर व त्यासाठी मोजलेल्या किंमतीवर झुकते. प्रस्तुत नोंदीत या दोन बाजूंचा एकत्रित विचार केला आहे.

खेळाची रूपरेषा : मैदान १०० यार्ड (९१.४४ मी.) लांब व ५३⅓ यार्ड (४८.७७ मी.) रुंद असून दोन्ही टोकांना प्रत्येकी १० यार्डांचे अंत्यक्षेत्र असते. प्रत्येक पक्षाचे ११ खेळाडू मैदानात उतरतात. ज्याच्या ताब्यात चेंडू तो चढाईचा पक्ष व दुसरा बचावाचा. चढाईच्या पक्षाला चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. ते साधल्यास पुन्हा चार प्रयत्न मिळतात, न साधल्यास चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. प्रतिपक्षाच्या अंत्यक्षेत्रात चेंडू नेल्यास किंवा तेथे झेलल्यास सहा गुण (टचडाउन) व त्यापुढे एक वा दोन गुणांची जादा संधी मिळते. लाथेने चेंडू उभ्या खांबांमधून धाडल्यास तीन गुण मिळतात. सामना प्रत्येकी १५ मिनिटांच्या चार भागांत खेळला जातो. खेळाडू कितीही वेळा बदलण्याची मुभा असल्याने चढाई, बचाव आणि लाथेचे प्रसंग यांसाठी स्वतंत्र तुकड्या बाळगाव्या लागतात. म्हणून संघात ५३ खेळाडू असतात. साहजिकच संघ चालविणे हे खर्चाचे काम ठरते.

लीगचा उदय व ग्रीन बे पॅकर्स : ओहायओ राज्यातील कँटन येथे १९२० मध्ये ही संघटना स्थापन झाली व १९२२ मध्ये तिने सध्याचे नाव धारण केले. प्रारंभीचे बहुतेक संघ लहान औद्योगिक गावांचे होते आणि ते एकामागून एक बंद पडले. विस्कॉन्सिन राज्यातील ग्रीन बे या गावाचा संघ मात्र टिकला. कर्ली लँबो (१८९८–१९६५) व वार्ताहर जॉर्ज कॅलहून यांनी तो १९१९ मध्ये उभा केला. मांस डबाबंद करणाऱ्या इंडियन पॅकिंग कंपनीने गणवेशासाठी ५०० डॉलर दिले, त्यावरून ‘पॅकर्स’ हे नाव पडले. १९२३ मध्ये पैशाची चणचण भासू लागताच गावकऱ्यांना प्रत्येकी पाच डॉलरचे भाग विकून संघाची बिगर-नफा संस्था करण्यात आली. त्यानंतर १९३५, १९५०, १९९७–९८, २०११–१२ आणि २०२१–२२ अशी पाच वेळा भागविक्री झाली असून भागधारकांची संख्या पाच लाखांवर गेली आहे. या भागांवर लाभांश मिळत नाही, त्यांची किंमत वाढत नाही आणि संघ विकला गेलाच, तर येणारी रक्कम धर्मादाय कार्यास जाते. आर्थिक दृष्ट्या असा भाग घेण्यात काहीच हशील नाही. तरीही लोक तो विकत घेतात व चौकटीत लावून भिंतीवर टांगतात. आता लीगच्या नियमानुसार अशा सार्वजनिक मालकीचा नवा संघ काढता येत नाही.

ग्रीन बेची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेनुसार सु. १ लाख ७ हजार होती. त्याच्या लँबो फील्ड या प्रेक्षागारात ८१ हजारांवर प्रेक्षक बसतात. एवढ्या लहान गावाचा संघ न्यूयॉर्क व लॉस अँजेल्सच्या संघांशी बरोबरीने झुंजतो आणि प्रशिक्षक व्हिन्स लोंबार्डी (१९१३–७०) यांच्या काळात तर त्याने सात वर्षांत पाच अजिंक्यपदे मिळविली. लोंबार्डींच्या कर्तृत्वाने त्या वर्षांचा उलगडा होतो. संघ पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तगला, त्याचे कारण मात्र उत्पन्नाच्या समान वाटणीत शोधावे लागते.

सामाईक उत्पन्न : दूरचित्रवाणीचे हक्क पूर्वी प्रत्येक संघ स्वतंत्रपणे विकत असे व त्यामुळे मोठ्या शहरांच्या संघांना कितीतरी अधिक पैसा मिळे. १९६० मध्ये आयुक्त झालेले पीट रोझेल (१९२६–९६) यांनी सर्व संघांचे हक्क एकत्र विकून येणारी रक्कम सारखी वाटावी, असा आग्रह धरला. न्यूयॉर्क जायंट्सचे मारा कुटुंब व शिकागो बेअर्सचे जॉर्ज हॅलस यांनी स्वतःचे नुकसान सोसून त्याला संमती दिली. असा सामूहिक करार मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतो, असा निर्णय संघीय न्यायालयाने १९६१ मध्ये दिला. तेव्हा त्याच वर्षी काँग्रेसने क्रीडा प्रक्षेपण अधिनियम संमत करून या व्यवहाराला सूट दिली. १९६२ मध्ये सीबीएस या वाहिनीशी वार्षिक ४६.५ लाख डॉलरचा करार झाला; तेव्हाच्या १४ संघांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला सु. ३.३ लाख डॉलर आले. २०२१ मध्ये जाहीर झालेले प्रक्षेपण-करार ११ वर्षांचे असून त्यांची एकूण रक्कम सु. ११,००० कोटी डॉलर आहे. भांडवलशाही अर्थव्यवस्थेतील धनाढ्यांनी आपापसांत पत्करलेली ही समवाटणी मोठी मौजेची वाटते. परंतु तिच्या मुळाशी व्यवहारी हिशेबच आहे, कारण प्रतिस्पर्धी दिवाळखोर झाला, तर विकण्याजोगा सामनाच उरत नाही.

अन्य संघ खाजगी मालकीचे असल्याने त्यांचे हिशेब प्रसिद्ध होत नाहीत. पॅकर्स संघाला मात्र भागधारकांपुढे दरवर्षी ताळेबंद मांडावा लागतो व त्यावरूनच लीगच्या अर्थकारणाचा अंदाज बांधला जातो. मार्च २०२५ अखेरच्या वर्षात पॅकर्सचे एकूण उत्पन्न सु. ७१.९ कोटी डॉलर होते. त्यांपैकी ४३.२६ कोटी डॉलर हा लीगकडून मिळालेला राष्ट्रीय हिस्सा व सु. २८.६ कोटी स्थानिक उत्पन्न होते. खर्च वजा जाता ८.३७ कोटी डॉलर शिल्लक राहिले. राष्ट्रीय हिस्सा सर्व ३२ संघांना सारखाच मिळतो. पाहुण्या संघाच्या वाट्याचे तिकिटांचे पैसेही एकत्र करून समप्रमाणात वाटले जातात.

या व्यवस्थेची खरी कसोटी करोना महासाथीत लागली. २०२० च्या हंगामात प्रेक्षागारे जवळजवळ रिकामी राहिली. पॅकर्सचे स्थानिक उत्पन्न आदल्या वर्षीच्या सु. २१ कोटी डॉलरवरून ६.१८ कोटींवर घसरले व ३.८८ कोटींची तूट आली. तरीही सामाईक हिशोबातून ३०.९ कोटी डॉलर मिळाल्याने संघ तरला.

विषमता शिरते ती स्थानिक उत्पन्नातून. प्रेक्षागारातील आलिशान कक्षांचे भाडे, प्रेक्षागाराला नाव देण्याचे हक्क, वाहनतळ, स्थानिक जाहिराती इत्यादींचा पैसा बहुतांशी त्या त्या संघाकडेच राहतो. डॅलस काउबॉइज हा संघ व त्याच्या प्रेक्षागाराचा भाडेपट्टा जेरी जोन्स यांनी १९८९ मध्ये सु. १४ कोटी डॉलरला घेतला. २०२४ मध्ये त्याचे मूल्य १,००० कोटी डॉलरहून अधिक आकारले गेले. म्हणूनच नवे प्रेक्षागार मिळविण्यासाठी मालक शहरांवर दडपण आणतात आणि मनासारखे न घडल्यास संघ दुसरीकडे हलवितात. सेंट लुइस शहरात सार्वजनिक पैशातून बांधलेल्या प्रेक्षागारात १९९५ मध्ये आलेला रॅम्स संघ २०१६ मध्ये लॉस अँजेल्सला निघून गेला. शहराने व परगण्याने दाखल केलेला दावा २०२१ मध्ये ७९ कोटी डॉलरवर मिटला, पण संघ परत आला नाही. नेव्हाडा राज्याने लास व्हेगसच्या प्रेक्षागारासाठी ७५ कोटी डॉलरचा सार्वजनिक निधी दिला व २०२० मध्ये ओकलंडचा रेडर्स संघ तेथे गेला. ग्रीन बेच्या रहिवाशांना ही धास्ती नाही. संघ हलविण्याचे मनात आणील असा मालकच तेथे नाही.

वेतनमर्यादा : खेळाडूंची संघटना १९५६ मध्ये स्थापन झाली, परंतु करार संपल्यावर मनाजोग्या संघात जाण्याचे स्वातंत्र्य खेळाडूंना दीर्घकाळ नव्हते. १९८२ मध्ये ५७ दिवसांचा संप झाला. १९८७ च्या संपात मालकांनी बदली खेळाडू उतरवून तीन सामने खेळविले. अखेर १९९२ मध्ये ज्यूरीने खेळाडूंच्या बाजूने कौल दिला व १९९३ च्या करारान्वये त्यांना मुक्त संचार मिळाला. त्याच्या मोबदल्यात मालकांनी एकूण वेतनावर मर्यादा मिळविली. १९९४ मध्ये ती प्रत्येक संघाला ३.४६ कोटी डॉलर होती, २०२५ मध्ये २७.९२ कोटी झाली. ती उत्पन्नाशी निगडित असते. म्हणूनच महासाथीनंतर, २०२१ मध्ये, ती १९.८२ कोटींवरून १८.२५ कोटींवर आली. २०२० च्या सामूहिक करारानुसार खेळाडूंचा वाटा एकूण उत्पन्नाच्या किमान ४८ टक्के आहे. मालकांनी फार हात आखडू नये म्हणून ठरावीक वर्षांच्या कालखंडात मर्यादेच्या ९० टक्के रक्कम खर्च करण्याचे बंधनही घातले आहे. भारतीय वाचकांना परिचित असलेल्या इंडियन प्रीमियर लीग या क्रिकेट स्पर्धेतही (पहिला हंगाम २००८) केंद्रीय प्रक्षेपण-उत्पन्नाची वाटणी व खेळाडूंच्या लिलावातील खर्चाची कमाल मर्यादा (२०२५ च्या हंगामासाठी १२० कोटी रु.) ही तत्त्वे आढळतात.

या मर्यादेचा हिशेब रोखीच्या हिशेबाहून वेगळा असतो. करारावर सही करताना एकरकमी दिलेले अधिदान हिशेबापुरते अधिकांत अधिक पाच वर्षांवर विभागता येते. उदा., पॅकर्सचा क्वार्टरबॅक जॉर्डन लव्ह याच्याशी जुलै २०२४ मध्ये चार वर्षांचा २२ कोटी डॉलरचा वाढीव करार झाला. त्यांपैकी ७.५ कोटी डॉलर अधिदान होते. ते पाच वर्षांत विभागले असता वर्षाकाठी १.५ कोटीच मर्यादेत मोजले जातात. मात्र खेळाडू मध्येच सोडून गेला वा त्याला काढून टाकले, तर न मोजलेला उर्वरित भाग संघाच्या माथी बसतो. त्याला ‘मृत रक्कम’ म्हणतात. बहुतेक करारांची पूर्ण रक्कम हमीची नसते; त्यामुळे वृत्तपत्रांच्या मथळ्यांत झळकणारा आकडा व खेळाडूच्या हाती प्रत्यक्ष पडणारी रक्कम यांत पुष्कळ अंतर असू शकते.

क्वार्टरबॅक : चढाईचा सूत्रधार. आघाडीच्या फळीमागे हाफबॅक व फुलबॅक या खेळाडूंच्या पुढे, म्हणजे सर्वांत जवळ, तो उभा राहतो. त्यावरून हे नाव आले. १९०५ च्या हंगामात अनेक खेळाडू दगावल्याने राष्ट्राध्यक्ष थीओडोर रूझवेल्ट यांनी महाविद्यालयांच्या प्रतिनिधींना पाचारण केले. त्यानंतरच्या सुधारणांत, १९०६ मध्ये, चेंडू पुढे फेकण्यास मुभा मिळाली. १९४० च्या अंतिम सामन्यात शिकागो बेअर्सने सिड लकमन (१९१६–९८) याच्या नेतृत्वाखाली इंग्रजी टी अक्षरासारख्या रचनेने वॉशिंग्टनचा ७३–० असा फडशा पाडला, तेव्हापासून क्वार्टरबॅक हा केंद्रस्थानी आला. १९७८ मध्ये झेल घेणाऱ्यांना पाच यार्डांपलीकडे धक्के देण्यास बंदी झाल्यावर फेकीचे महत्त्व आणखी वाढले.

चेंडू सु. २८ से.मी. लांब व ३९७ ते ४२५ ग्रॅ. वजनाचा असतो. अनामिका व करंगळी शिवणीच्या नाडीवर, तर्जनी टोकाच्या जवळ आणि तळहात व चेंडू यांत किंचित पोकळी, अशी पकड सामान्यतः शिकवितात. मधला खेळाडू (सेंटर) पायांमधून चेंडू मागे देतो. क्वार्टरबॅक तो त्याच्या लगत उभा राहून घेतो किंवा सु. पाच यार्ड मागे उभा राहून झेलतो. या दुसऱ्या पद्धतीस ‘शॉटगन’ म्हणतात. लगत उभे राहिल्यास तो तीन, पाच वा सात पावले मागे सरतो. ही पावले झेल घेणाऱ्याच्या धावेशी जुळलेली असतात : आखूड धावेला तीन, लांब धावेला सात. शेवटचे पाऊल मागच्या पायावर रोवून तो पुढचा खांदा लक्ष्याकडे वळवितो. फेकीचे बळ पाय व कमरेतून येते. केवळ दंडाच्या जोरावर फेकणारा लवकर थकतो व त्याचा नेमही चुकतो. पुढचे पाऊल लहान टाकावे, कोपर खांद्याच्या पातळीखाली उतरू देऊ नये, चेंडू सर्वांत शेवटी तर्जनीवरून सुटावा आणि हात विरुद्ध बाजूच्या कमरेकडे उतरावा. अशा रीतीने सुटलेला चेंडू लांब अक्षाभोवती गरगर फिरतो व त्या फिरण्यामुळे हवेत डळमळत नाही.

एवढे कसब महाविद्यालयांतील पुष्कळ तरुणांना साधते. खरी परीक्षा नजरेची व निर्णयाची असते. चेंडू सुटण्यापूर्वीच क्वार्टरबॅकला बचावाची मांडणी ओळखावी लागते : खोलवर राखणदार एक आहे की दोन, बचाव माणसागणिक आहे की क्षेत्रागणिक, कोण हल्ल्यास धावून येईल इत्यादी. प्रशिक्षकाची सूचना १९९४ पासून त्याच्या शिरस्त्राणातील रेडिओवर येते. परंतु चेंडू खेळात आणण्याच्या मुदतीचे १५ सेकंद उरताच तो बंद होतो आणि पुढचे सर्व त्याच्यावरच सोपविलेले असते. मांडणी प्रतिकूल दिसल्यास आयत्या वेळी ओरडून तो डाव बदलू शकतो. चेंडू हाती आल्यावर साधारण अडीच ते तीन सेकंद मिळतात. तेवढ्यात ठरलेल्या क्रमाने पहिला, दुसरा, तिसरा झेलकरी पाहायचा आणि कोणीच मोकळा नसल्यास जवळच्या धावपटूला आखूड फेक द्यायची. चेंडू बहुधा झेलकरी वळण्यापूर्वीच, तो जेथे पोहोचेल त्या जागी सोडावा लागतो. आपण कोणाकडे फेकणार हे डोळ्यांवरून कळू नये म्हणून तो मुद्दाम दुसरीकडे पाहतो. या सगळ्या वेळात शंभर-सव्वाशे किलो वजनाचे धिप्पाड खेळाडू त्याच्या अंगावर चाल करून येत असतात. नवशिका त्यांच्याकडे पाहतो व मागे पळतो. मुरलेला क्वार्टरबॅक दृष्टी मैदानावर ठेवून, आपल्या फळीने राखलेल्या जागेत एखादे पाऊल पुढेच सरकतो. काहीच जमत नसेल, तर नियमांत बसेल अशा रीतीने चेंडू बाहेर भिरकावून देणे, हीसुद्धा शिकण्याची गोष्ट आहे. त्या प्रयत्नात प्रगती होत नाही, परंतु चेंडू प्रतिपक्षाच्या हाती पडण्यापेक्षा ते परवडते. फेकीचे मूल्यमापन १९७३ पासून यशस्वी फेकींचे प्रमाण, प्रत्येक फेकीमागील यार्ड, टचडाउन व प्रतिपक्षाने पकडलेल्या फेकी या चार घटकांवरून ० ते १५८.३ या श्रेणीत केले जाते. डाव बदलण्याचे शहाणपण मात्र या आकड्यात उमटत नाही. ३१ डिसेंबर १९६७ रोजी लँबो फील्डवर उणे २५° से.च्या आसपास तापमानात झालेल्या अंतिम सामन्यात १६ सेकंद उरले असता पॅकर्सच्या बार्ट स्टारने (१९३४–२०१९) चेंडू दुसऱ्याकडे न देता स्वतःच घुसवून डॅलसला २१–१७ असे हरविले. गोठलेल्या जमिनीवर धावपटूंचे पाय घसरत असल्याचे त्याने हेरले होते.

किंमत व जोखीम : हे गुण कोणात आहेत, हे आधी ओळखता येत नाही. १९३६ पासून महाविद्यालयीन खेळाडूंची वार्षिक निवड आदल्या हंगामातील सर्वांत दुबळ्या संघाला पहिली संधी देऊन केली जाते. तरीही स्टार १९५६ मध्ये २०० व्या, सात अजिंक्यपदे मिळविणारा टॉम ब्रेडी २००० मध्ये १९९ व्या व सॅन फ्रान्सिस्कोचा ब्रॉक पर्डी २०२२ मध्ये २६२ व्या, म्हणजे अगदी अखेरच्या क्रमांकावर निवडला गेला. नवोदितांचे वेतन २०११ च्या करारापासून निवडीच्या क्रमानुसार बांधलेले आहे. त्यामुळे स्वस्त कराराच्या काळात चांगला क्वार्टरबॅक लाभणे, ही संघाच्या दृष्टीने पर्वणीच ठरते. पर्डीचे २०२३ चे मूळ वेतन ८.७ लाख डॉलर, म्हणजे वेतनमर्यादेच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी होते. उरलेल्या पैशात भरभक्कम संघ उभारून सॅन फ्रान्सिस्कोने फेब्रुवारी २०२४ चा अंतिम सामना गाठला. मे २०२५ मध्ये त्याच्याशी पाच वर्षांचा २६.५ कोटी डॉलरचा करार झाला आणि ही सवलत संपली.

लव्हच्या कराराची वार्षिक सरासरी ५.५ कोटी डॉलर येते. ही रक्कम २०२४ च्या वेतनमर्यादेच्या (२५.५४ कोटी) पाचव्या हिश्शाहून अधिक आहे, उरलेल्या चार हिश्शांत ५२ जणांचे भागवायचे असते. त्याच संघातील नवोदिताचे किमान वेतन २०२५ मध्ये ८.४ लाख डॉलर होते. क्वार्टरबॅकचे संरक्षण करणारे, त्याची फेक झेलणारे आणि प्रतिपक्षाच्या क्वार्टरबॅकला रोखणारे यांपैकी कोणाला तरी अशा करारानंतर संघ सोडावा लागतो. मोठा करार फसला, तर नुकसान अनेक वर्षे पुरते. डेन्व्हर संघाने २०२२ मध्ये रसेल विल्सनशी पाच वर्षांचा २४.५ कोटी डॉलरचा वाढीव करार केला आणि मार्च २०२४ मध्ये त्याला सोडून दिले, सु. ८.५ कोटी डॉलरची मृत रक्कम दोन हंगामांवर पडली. त्याच वर्षी बाराव्या क्रमांकावर निवडलेल्या बो निक्स या नवोदिताला घेऊन संघाने बाद फेरी गाठली.

पॅकर्सनी या कोड्यावर उमेदवारीचा मार्ग काढला. १९९२ मध्ये ब्रेट फार्व्हपासून सुरुवात करून तीन दशकांत त्यांनी मुख्यतः दोनच क्वार्टरबॅक वापरले. ॲरन रॉजर्सला २००५ मध्ये निवडून तीन वर्षे फार्व्हच्या मागे, तर लव्हला २०२० मध्ये निवडून तीन वर्षे रॉजर्सच्या मागे बसवून ठेवले. रॉजर्सला २०२३ मध्ये न्यूयॉर्क जेट्सकडे पाठविताना सु. ४ कोटी डॉलरची मृत रक्कम सोसावी लागली, तरीही लव्हच्या पहिल्याच हंगामात संघ बाद फेरीत पोहोचला. ज्या मालकाला लगेच फळ हवे असते, त्याला हा धीर धरवत नाही.

भारतात या खेळाचा व्यावसायिक प्रयोग २०१२ मध्ये एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया या नावाने झाला. त्यात पुणे मराठाज व मुंबई ग्लॅडिएटर्स या संघांचाही समावेश होता. परंतु तो येथे रुजला नाही. अंगाला न भिडता, कमरेची पट्टी ओढून खेळला जाणारा फ्लॅग फुटबॉल हा सौम्य प्रकार लॉस अँजेल्स येथील २०२८ च्या ऑलिंपिक सामन्यांत समाविष्ट करण्याचा निर्णय ऑक्टोबर २०२३ मध्ये झाला आणि लीगच्या खेळाडूंना त्यात भाग घेऊ देण्यास संघमालकांनी मे २०२५ मध्ये संमती दिली.